पाण्याची वही

नरकचतुर्दशीच्या आंघोळीला माणशी किती पाणी लागते? दिवाळी अंकात विचारण्यासारखा हा प्रश्न नव्हे, हे मलाही कळते. या दिवसांत लोक एकमेकांना चकलीला मोहन किती घालावे हे विचारतात, अनारशाचे पीठ किती दिवस मुरवावे हे विचारतात. पाण्याचे माप विचारणारी बाई चारचौघांत कंजूष ठरायची. पण माझा जन्म मिरजेजवळ कृष्णाकाठी झाला आणि संसार लातुरात झाला. या दोन गावांत अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आतले. पाण्याच्या बाबतीत मात्र ही दोन निराळी राज्ये आहेत, आणि त्या राज्यांतले नाणेही निराळे आहे.

माहेरी दिवाळीच्या आदल्या रात्री तांब्याचा बंब घासून लख्ख करायचा, पहाटे तो पेटवायचा आणि घंगाळे भरभरून पाणी काढायचे. उटणे लावून झाले की आई डोक्यावरून पाणी ओती आणि ओतीतच राही. शेवटी आम्हीच 'पुरे, पुरे' म्हणून ओरडत असू. पाणी मोजावे लागते ही कल्पनाच त्या घराला ठाऊक नव्हती. नदी घरामागे होती, आणि नदीला कोणी हिशेब विचारीत नाही. उलट पावसाळ्यात तीच आमच्या घरी येऊन आमचा हिशेब विचारून जाई.

लग्नानंतरची पहिली दिवाळी सासरच्या खेड्यातल्या घरी झाली. घर जुने, माळवदाचे. सासूबाईंना आम्ही सगळ्या सुना आत्याबाई म्हणत असू. पहाटे मी न्हाणीत जाऊन बसले, तर माझा पाट एका रुंद परातीत ठेवलेला! मला वाटले, नव्या सुनेच्या कौतुकाचा हा काहीतरी प्रकार असावा. आत्याबाईंनी बादलीतले पाणी तांब्याने मोजले, माझ्या अंगावर घातले, ओवाळले, आणि मी उठताच परात उचलून परसात नेली. परातीतले पाणी केळीच्या आळ्यात गेले. मागाहून कळले की त्या घरात कुठलेच पाणी एकदा वापरून सुटत नसे. तांदळाचे धुवण म्हशीच्या आंबोणात जायचे. भाजी धुतलेल्या पाण्यात चिखलाचे पाय धुवायचे. कपडे खळबळलेले शेवटचे पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाण्यासाठी राखून ठेवायचे. पाहुणा आला तर त्याच्या हाती तांब्या जरूर द्यायचा, पण अर्धा भरून; त्याने मागितले तर पुन्हा द्यायचे. भरलेल्या तांब्यातले अर्धे पाणी लोक अंगणात फेकतात हे त्यांनी पाहून ठेवले होते.

आत्याबाईंनी १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला होता. दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती, परदेशातून आलेल्या मिलोच्या तांबड्या भाकरी थापल्या होत्या. आमच्याकडची म्हातारी माणसे अजून म्हणतात, त्या साली पाणी होते पण दाणा नव्हता. याचा दुसरा अर्धा भाग पुढे २०१६ साली आम्हांला कळायचा होता. त्या सालापुरत्या आत्याबाई राहिल्या नाहीत.

मला पुष्कळदा वाटते, नळ आला आणि पाण्याची मापे गेली. आडावरून पाणी शेंदणाऱ्या बाईला घरात किती पाणी आहे हे खांद्याने कळे. पोहरा, तांब्या, कळशी, घागर, हंडा, रांजण ही नुसती भांडी नव्हती, ती मापे होती. तांब्यात साधारण लिटरभर पाणी मावते, घागरीत पंधरा लिटर; आणि पंधरा लिटर म्हणजे आडापासून चुलीपर्यंत पंधरा किलोंचे ओझे. तोटी फिरवली की येणाऱ्या पाण्याला वजनच नसते. ज्याला वजन नाही त्याची उधळपट्टी मनाला लागत नाही. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी प्रमाण आहे. खेड्यातल्या घरांत नळ नेण्याची जी योजना २०१९ साली निघाली, तिने माणशी ५५ लिटर धरले. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे आणि मुली ते वहीत उतरवून घेत. १३५ म्हणजे नऊ घागरी आणि ५५ म्हणजे पावणेचारांच्या आत, असे म्हटले की मात्र मागच्या बाकावरच्या मुलीही मान वर करीत. त्या मुली घागरी उचलणाऱ्या होत्या.

२०१५ सालचा पाऊस आमच्याकडे निम्माच झाला. लातूर शहराला पाणी येते ते मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणातून. बालाघाटाच्या डोंगरात उगवणारी ही नदी पुढे गोदावरीला मिळते. पण त्या वर्षी ती कोणाला मिळण्याच्या अवस्थेतच नव्हती. धरण तळाला गेले. नळ आधी आठवड्याने येई, मग पंधरवड्याने, आणि अखेरीस येईनासाच झाला. सोळा रस्ते जिथे मिळतात त्या आमच्या गंजगोलाईत लोक भाव विचारू लागले ते तुरीच्या डाळीचे नव्हे, टँकरचे. दहावी-बारावीच्या निकालांमुळे 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर झाला आहे. त्या हिवाळ्यात आमच्या लेकराबाळांनी जो नवा पॅटर्न घोकला तो पाइप, ड्रम आणि कुलूप यांचा. कुलूप म्हणजे खरोखरचे कुलूप. पाण्याच्या पिंपांना साखळ्या लागल्या होत्या.

आमच्या कॉलनीत बावीस घरे. सगळ्यांनी वर्गणी काढून मारलेला एक सामायिक बोअर, आणि कोपऱ्यात पिंपळाखाली एक जुना आड. ही जमीन शेत होती तेव्हाचा तो आड. आता त्यात निर्माल्य, फुटके माठ आणि मुलांचे चेंडू यांचा साठा होता. दिवाळी झाल्यावर कॉलनीतल्या मंडळींनी ठरवले की पाणी जपून वापरण्याविषयी काहीतरी व्याख्यान ठेवावे. मी निवृत्त, त्यातून भूगोलाची, म्हणून ते काम माझ्याकडे आले.

पहिल्या सभेला फलक लागला, 'पाणी म्हणजे जीवन'. मला या वाक्याची नेहमी गंमत वाटते. जीवन या शब्दाचा संस्कृतात एक अर्थच पाणी असा आहे. म्हणजे 'पाणी म्हणजे पाणी' एवढेच आपण मोठ्या अक्षरांत रंगवतो आणि समाधानाने चहा घेऊन घरी जातो. त्या दिवशी तसेच झाले. लोक आले, त्यांनी माना डोलावल्या, आणि सभा सुटल्यावर कप धुण्यासाठी जी तोटी सोडली ती पंधरा मिनिटे चालू होती.

दुसऱ्या सभेला मी व्याख्यान दिले नाही. बावीस वह्या नेल्या, शाळेतल्या शंभर पानी. सांगितले, काटकसर वगैरे काही करू नका, फक्त लिहा. सकाळी किती बादल्या काढल्या, कशाला काढल्या. आंघोळ, धुणे, भांडी, फरशी, संडास, झाडे, गाडी, अशी आखणी मुलांनी करून घेतली. घरातल्या आकडेमोडीचे काम मुलांकडे दिले की मोठ्यांना लबाडी करता येत नाही, हा माझा शिक्षिकेचा अनुभव.

त्या वह्यांनी काय काय उघडकीला आणले! एका घरात मोरीची तोटी गळत होती. सेकंदाला एक थेंब. 'एवढ्याने काय होतंय, बाई?' असे घरधनी म्हणाले. मुलीने रात्री दहाला तोटीखाली कळशी ठेवली; पहाटे सहाला ती जवळजवळ भरलेली. नळवाल्याने येऊन वायसर बदलले, दहा मिनिटांचे काम. एका घरी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र होते. एक लिटर पिण्याचे पाणी काढताना ते दोन-तीन लिटर पाणी दुसऱ्या नळीने बाहेर टाकते, हे त्या घरात कोणी पाहिलेच नव्हते, कारण ती नळी थेट मोरीच्या भोकात घातलेली होती. नळी बादलीत आली आणि त्या पाण्यावर घरातली फरशी रोज पुसून होऊ लागली. संडासाच्या टाकीत वाळू भरून बूच लावलेली बाटली ठेवली की दर वेळी लिटरभर पाणी वाचते, हे तर मुलांना इतके आवडले की ती दुसऱ्यांच्या घरांत शिरून बाटल्या ठेवून आली. मोटर लावून टाकी भरून वाहेपर्यंत गप्पा मारण्याचा कार्यक्रम बंद झाला, कारण वाहून गेलेले पाणी कुठल्या रकान्यात लिहायचे यावरून मुले भांडू लागली. सर्वांत जड आकडा निघाला तो गाड्या धुण्याचा. पाइपाने धुतलेली मोटार आणि बादलीत फडके बुडवून पुसलेली मोटार दुसऱ्या दिवशी सारखीच मळकी दिसते. पण हे सांगितलेले पुरुषमंडळींना रुचत नाही.

फेब्रुवारीअखेर मुलांनी बेरीज मांडली. घरटी रोजचे सुमारे साठ लिटर पाणी कमी लागत होते. बावीस घरांचे तेराशे वीस लिटर. आम्ही सगळ्या खूश झालो. कोणीतरी पेढे आणले.

आता मला मावशींविषयी लिहायला हवे. मावशी आमच्याकडे आणि कॉलनीतल्या आणखी तीन घरी भांडी घासायला येत. मागच्या गल्लीत त्यांची वस्ती, तीसेक घरांची. तिथे नळ नव्हताच. टँकर येई, तोही सांगून येत नसे. माणसांऐवजी घागरी रांगेत उभ्या असत. निळ्या, पिवळ्या, हिरव्या प्लॅस्टिकच्या घागरी, प्रत्येकीवर रंगाने नाव. मावशींच्या घरी सहा माणसे आणि पाच घागरी. पंच्याहत्तर लिटर, माणशी साडेबारा. आमच्या बावीस घरांतल्या कुठल्याही वहीत याच्या जवळपास जाणारा आकडा नव्हता. मला वाटले, शिकवायला खरे तर यांना बोलवावे. सहा माणसांच्या आंघोळी त्या कशा उरकतात, धुणे किती दिवसांनी काढतात, कुठले पाणी कशाला वापरतात, हे कॉलनीतल्या बायकांनी त्यांच्या तोंडून ऐकावे. मी तसे विचारले.

मावशींनी हातातली कढई खाली ठेवली. म्हणाल्या, 'बाई, मी काय सांगू त्यांला? आमी पाणी वाचवत न्हाई. आमाला पाणीच न्हाई. हे दोन्ही एक हाय का?'

मी गप्प राहिले. मावशीच पुढे म्हणाल्या, 'सांगायचंच असंल तर येक सांगते. तुमच्या वहीत जे शिल्लक पडतंय, त्यातल्या दोन-दोन घागरी आमच्या गल्लीला द्या. माझी पोरगी धाव्वीला हाय. घागरीवर बसून पुस्तक वाचतीया. मी चार घरच्या भांड्यांला येते, धाकली लेकरं घागर ओढू शकत न्हाईत. परीक्षेच्या दिशी टँकर आला तर रांगंला कोन उभं राहील?'

हे बोलणे मी तसेच्या तसे पुढच्या सभेत सांगितले. सभेत जी शांतता पसरली ती व्याख्यानाच्या वेळच्या शांततेहून अगदी वेगळी होती. कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, 'बोअर आपण वर्गणी भरून मारलाय. आज तीस घरं येतील, उद्या तीनशे येतील. पाणी वाचवलं तर ते जमिनीतच राहू दे ना, मे महिन्यात आपल्यालाच लागेल.' वहिनी कठोर नाहीत. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते आणि त्यांचे धुणे दिवसातून दोनदा निघे. दुसरे एक गृहस्थ म्हणाले की कायद्याने हे बसते का ते पाहावे लागेल. कायदा पाहायचा तर पाणी जमिनीखाली कुठल्या कुंपणाला मानते, हेही पाहावे लागेल, असे मी म्हटले. आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या, भुसभुशीत थरात आणि खडकाच्या भेगांत. त्या भेगा कॉलनीच्या भिंतीपाशी येऊन थांबत नाहीत. आमच्या बोअरचे पाणी मावशींच्या घराखालूनही येत असेल. खोल जाऊन आणलेले पाणी आपलेच, ही समजूत ज्याचा बोअर अधिक खोल त्याच्या सोयीची आहे.

मला त्या वेळी पुरंदर तालुक्यातले नायगाव आठवले. १९७२ च्या दुष्काळानंतर तिथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा होता की पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरायचा; ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात हक्क. वर उसाला त्या पाण्यात जागा नाही. निवृत्तीपूर्वी मी हे वर्गात पुष्कळदा सांगितले होते. वर्गात ते फार सोपे वाटते.

वाद दोन रविवार चालला. शेवटी निकाल लागला तो कोणाच्या भाषणाने नव्हे, वहीने. तीस घरांना दोन-दोन घागरी म्हणजे नऊशे लिटर. वहीत शिल्लक तेराशे वीस. एका सातवीतल्या मुलाने हे गणित फळ्यावर मांडले आणि आपल्या वडिलांकडे पाहिले. तेरा घरे 'हो' म्हणाली, पाच 'नाही', आणि चार घरांतली माणसे त्या दिवशी लग्नाला गेली होती. रोज सकाळी सहा ते सात, कॉलनीच्या फाटकाशी नळ, घरटी दोन घागरी, नाव लिहून घ्यायचे, असे ठरले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते सुरू झाले. त्याच महिन्यात शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लागला. पाच माणसांनी एकत्र जमायचे नाही. आमच्या फाटकाशी तीस बायका उभ्या राहत, पण टाकी ती नव्हे म्हणून आमचे चालून गेले.

एप्रिलच्या १२ तारखेला आगगाडीने पाणी आले. तुम्ही ते वर्तमानपत्रांत वाचले असेल, चित्रेही पाहिली असतील. राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात धुऊन काढलेल्या वाघिणी मिरजेला आल्या, तिथे कृष्णेचे पाणी भरून दहा वाघिणींची गाडी लातूरला पोचली. सुमारे पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या आणि ऑगस्टपर्यंत येत राहिल्या. 'जलदूत' असे त्या गाडीचे नाव. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा मार्ग पूर्वीच्या बार्शी लाइटचा. लग्न होऊन मी त्याच अरुंद रुळांच्या गाडीने, कोळशाचे कण डोळ्यांत घेत लातूरला आले होते. आता त्याच वाटेने माहेरचे पाणी माझ्या मागून येत होते! भूगोलाची शिक्षिका म्हणून मला हेही दिसत होते की कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी रुळांवरून गोदावरीच्या खोऱ्यात चालले आहे. हे काम निसर्गाने कधी केले नव्हते.

शेजारणी म्हणाल्या, 'बाई, तुमचं माहेर धावून आलं की!' मी हसले, आणि स्वयंपाकघरात येऊन पदराने डोळे पुसले. ते पाणी आमच्या घरी आले की नाही कोण जाणे. टँकरच्या पाण्यावर नदीचे नाव लिहिलेले नसते. रात्री मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. २०११ च्या शिरगणतीत लातूर शहराची वस्ती ३ लाख ८२ हजार होती. पाच वर्षांत ती वाढलेली धरली तर पहिल्या गाडीतले पाणी माणशी जेमतेम एक तांब्या पडत होते. देशभर बातमी झाली ती या एका तांब्याची. मग दुसरा हिशेब केला. आमच्या एका घराची गच्ची हजार चौरस फूट, म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला तरी एका गच्चीवर पासष्ट हजार लिटर पडतात. उडाले, सांडले ते वजा करून पन्नास हजार धरावेत. बावीस गच्च्यांचे अकरा लाख. निम्म्या पावसाच्या वर्षीही साडेपाच लाख. म्हणजे जी गाडी पाहायला सारे गाव लोटले होते, तसली एक गाडी दर पावसाळ्यात आमच्या कॉलनीवरून जात होती आणि गटारातून निघून जात होती. मी तो हिशेब तीन वेळा तपासला.

मेच्या मध्यावर आमचा बोअर आटला. सहा दिवस त्यातून नुसती हवा आणि गाळ आला. वहिनींनी 'मी सांगत होते' असे म्हटले, आणि त्यांना तसे म्हणण्याचा हक्क होता. पण त्याच पंधरवड्यात शेजारच्या प्लॉटवर सहाशे फुटांचा नवा बोअर झाला होता आणि त्याचे पाणी टँकरने विकले जात होते. आमचे पाणी कोणी नेले, मागच्या गल्लीतल्या साठ घागरींनी की त्या सहाशे फुटांनी, हे भेगाच जाणोत. आकडे पाहता घागरींवर आळ घालणे मला तरी जड जाते. त्या सहा दिवसांत आम्हीही टँकरच्या रांगेत घागरी ठेवल्या. मावशींच्या मुलीने माझ्या घागरीवर रंगाने नाव घालून दिले. 'बाई' एवढेच. ती त्या परीक्षेत गणितात राहिली, जुलैच्या फेरपरीक्षेत सुटली.

जूनमध्ये पाऊस आला. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर असा कोसळला की मांजरा धरण भरले आणि लोक सहकुटुंब ते पाहायला गेले. पाणी आले की पाण्याची गोष्ट संपते, हा आमचा दुसरा दुष्काळ. डिसेंबरपर्यंत बावीस वह्यांपैकी चार राहिल्या. फाटकाशी असलेला नळ मात्र राहिला, कारण तो बंद करण्यासाठीही सभा घ्यावी लागली असती.

तरी आडाचे काम झाले. त्यातला गाळ काढताना सतरा चेंडू, एक शिवणयंत्राचे चाक आणि कोणाच्या तरी घरचा हरवलेला पितळी तांब्या निघाला. पहिल्या वर्षी सात घरांनी गच्चीच्या पन्हळी जोडून आडाजवळच्या खड्ड्यात सोडल्या. पाणी सरळ आडात सोडायचे नसते. खाली दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू अशी गाळणी करावी लागते, आणि पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढून द्यावे लागते, कारण त्यात वर्षाची धूळ आणि पारव्यांची विष्ठा असते. पुढच्या वर्षी अकरा घरे झाली. मुले आडात दोरी सोडून पाणी मोजतात. सरकारचे भूजल खाते आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत. आमची मुलेही तेच महिने धरतात आणि दोरीला त्या त्या वर्षाच्या रंगाची चिंधी बांधतात. मे महिन्याच्या चिंध्या अजून फार खाली आहेत. २०१६ ची चिंधी तर नाहीच; त्या वर्षी दोरी कोरडीच वर आली असती.

कोणी म्हणेल, घराघरांत बाटल्या आणि बादल्या मोजून धरण भरते काय? भरत नाही. राज्याच्या लागवडीच्या जमिनीत उसाचा वाटा अगदी थोडा आणि सिंचनाच्या पाण्यातला फार मोठा, ही गोष्ट मोरीतल्या तोटीने झाकली जाणार नाही. किलोभर साखरेमागे दीड-दोन हजार लिटर पाणी लागते असा हिशेब जाणकार मांडतात. म्हणजे फराळाच्या ताटातला रव्याचा लाडू हा आमच्याकडे पाण्याचाच पदार्थ. मी लाडू करते आणि खातेही. दिवाळीत असली आकडेमोड पाहुण्यांसमोर काढीत नाही. पण ज्या माणसांनी आपल्या घरची बादली एकदा मोजली, त्यांना पाटाच्या पाण्याविषयी प्रश्न विचारायला तोंड फुटते. हिवरे बाजारला ग्रामसभा दर वर्षी पावसाचा आणि विहिरींच्या पातळीचा हिशेब मांडून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ठरवते, शेतीसाठी बोअर मारायला तिथे बंदी आहे. पोपटराव पवारांच्या त्या गावाची सहल आम्ही काढली तेव्हा आमच्या कॉलनीतले पुरुष डोंगर, झाडे आणि बंधारे पाहत होते. बायका मात्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा पाण्याचा हिशेब वाचत उभ्या राहिल्या आणि रकाने कसे पाडले आहेत ते पाहू लागल्या. कोपऱ्यावरच्या वहिनींनी तर ते उतरवून घेतले.

मागच्या गल्लीच्या कडेला आता नवे घर उठते आहे. एका रात्री तिथे बोअरची गाडी येऊन उभी राहिली. मी सकाळी वही आणि दोरी घेऊन गेले. घरमालक सज्जन आहेत, तरुण आहेत. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि विचारले, 'बाई, तुमचा अभ्यास आहे म्हणतात. इथं किती फुटांवर लागेल पाणी?' मी त्यांना दोरीवरच्या चिंध्या दाखवल्या आणि गच्ची किती फुटांची करणार ते विचारले. बाराशे, म्हणाले. मी वहीचे कोरे पान काढले. बाराशे चौरस फुटांचा गुणाकार त्यांनी स्वतःच केला आणि बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. बोअर त्यांनी मारलाच. पण पन्हळीचेही करू म्हणाले आहेत. नळवाला मापे घेऊन गेला आहे. पाइप अजून आलेले नाहीत. दिवाळी झाली की मी पुन्हा जाऊन येणार आहे.